शुक्रवारचा ऐच्छिक तास

वाघमारे बाई,

तुम्ही मध्येच अडवाल, म्हणून आधीच सांगते. तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरी किती वर्षं, मागे कोण कोण, यातलं मी काही लिहिणार नाही. ते सगळं पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेत छापून आलं आहे. त्या पत्रिकेत शुद्धलेखनाची एक चूक आहे. तुम्ही असतात तर तिच्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल केला असता आणि लगेच म्हणाला असतात, "जाऊ द्या की, पोरानं रडत रडत छापायला दिलंय."

तुम्हाला जाऊन आज तेवीस दिवस झाले. आज शुक्रवार. संध्याकाळी सात वाजता कॅनडातून मुलांचा कॉल आला, तेव्हा मी टेबलाशी दोन खुर्च्या ओढल्या होत्या आणि तुमचा बिनसाखरेचा चहाही गाळून ठेवला होता. ओजस ते पडद्यावरून बघत होता. तन्वीच म्हणाली, "आजी, तो चहा तू पी ना. गार होईल."

नातू सोळा वर्षांचा, नात चौदाची. दोघांना मराठी बोलता येतं, वाचता हळूहळू येतं. ही पानं मी तुम्हाला लिहितेय, पण वाचणार ते आहेत. त्यांच्या चार वर्षांच्या अभ्यासाची जी फाइल आपण दोघींनी केली, तिच्यात ही सर्वांत वर लावायची आहेत. त्या फाइलमध्ये माझ्या हातून एक खोटं वाक्य गेलं आहे, आणि ते मुलांना माझ्याकडूनच कळायला हवं.

गेल्या वर्षी गौरीचा, म्हणजे माझ्या मुलीचा, फोन आला होता. त्यांच्या गावातली शाळा ओजसला सोसेना, म्हणून तिनं दोघांनाही शाळेतून काढून घरी शिकवायचं ठरवलं होतं. "आई, नववी ते बारावीचा आराखडा तू करून दे. क्लासिकल पद्धतीचा हवाय. तुला वेळापत्रकं करायला आवडतात ना?"

आवडतात. शाळेत वर्षानुवर्षं वेळापत्रक मीच करत होते आणि तुमचा संस्कृतचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर टाकत होते. हे तुम्ही मला दर जूनमध्ये स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर ऐकवायचात. "पोरं पेंगत असतात, कर्णिक बाई. झोपेत ऐकून ज्यांना विभक्ती येतात, तेवढेच माझे विद्यार्थी." सगळे हसायचे. मीही हसायचे. पुढच्या जूनमध्ये तुमचा तास पुन्हा तिथेच असायचा, कारण गणित सकाळी हवं, इंग्रजी सकाळी हवं, आणि इंग्रजी माझं होतं.

गौरीच्या फोननंतर दुसऱ्याच दिवशी मी सिल्व्हर पार्कहून शेअर रिक्षानं गोडदेवला तुमच्याकडे आले. आले कारण मला संस्कृत येत नाही. माझ्या आजोबांना येत होतं म्हणे. मी कॉन्व्हेंटमध्ये फ्रेंच घेतलं, त्यात मार्क जास्त पडायचे. तुम्हाला तुमच्या गावच्या सरांनी सांगितलं होतं, "तू हिंदी घे, सोपं जाईल," आणि तुम्ही संस्कृत घेतलंत. त्यामुळे सत्तरी ओलांडल्यावर मी फुटाणे घेऊन तुमच्या दारात उभी, आणि तुम्ही विचारताय, "हे क्लासिकल म्हणजे काय असतंय?"

मी समजावून सांगितलं. लहान वयात साठवायचं, मधल्या वयात तपासायचं, मोठेपणी आपलं म्हणणं नीट मांडायचं. शिक्षणाच्या तीन पायऱ्या.

"म्हणजे लोणचंच की," तुम्ही म्हणालात. "आधी भरायचं, मग मुरू द्यायचं, मग वाढायचं. यात नवीन काय?"

मी पहिल्या कच्च्या तक्त्यात लॅटिन घातलं होतं. तुम्ही चष्मा वर करून विचारलंत, "हे कोण शिकवणार?" मी म्हटलं, पुस्तकावरून शिकतील. "मग त्या पुस्तकालाच आजी म्हणायला सांगा." लॅटिन गेलं. तिथे संस्कृत आलं, सकाळचा पहिला तास, आणि ते शिकवायला तुम्ही. तुमच्या आयुष्यात संस्कृतला पहिल्यांदाच सकाळ मिळाली, असं तुम्ही म्हणालात आणि माझ्या हातावर टाळी दिलीत. पहिला धडा मुलांबरोबर मीही गिरवला. माझ्या वहीवर तुम्ही शेरा दिलात: अक्षर उत्तम, बाकी प्रयत्न करावा.

ते महिने आता पुन्हा पुन्हा आठवतात. माझ्या जेवणाच्या टेबलावर तो मोठा कागद. चार वर्षं, प्रत्येक वर्षाला एक रंग. मी पट्टी धरून रेघा मारायचे आणि तुम्ही त्या रेघांवर फुटाण्याची सालं टाकायचात. इतिहास मी क्रमानं लावला होता, जुन्यापासून आजपर्यंत. तुम्ही म्हणालात, "पहिल्या वर्षी सगळे राजेच आलेत. माणसं कोणत्या वर्षी येणार?" मग प्रत्येक राजाच्या शेजारी एक प्रश्न घालायचं ठरलं: त्या वेळी स्वयंपाक कोण करत होतं, पाणी कुठून आणत होतं. भूमितीच्या सिद्धता तुम्ही परातीत घ्यायला लावल्यात. परातीत रवा पसरायचा, बोटानं आकृती काढायची, मोठ्यानं सिद्ध करायची आणि पुसून टाकायची. "कागदावर काढली की पोरं आकृतीच्या प्रेमात पडतात. पुसली की डोक्यात राहते." तन्वीनं तिकडे बेकिंगच्या ट्रेमध्ये पीठ पसरून ते केलं. ओजसनं त्या पिठाचे पॅनकेक केले आणि त्रिकोण खाल्ला असं आपल्याला कळवलं.

आराखड्याच्या दोन प्रती काढायला आपण केबिन रोडला गेलो होतो. झेरॉक्सवाला पानं मशीनवर ठेवता ठेवता म्हणाला, "मॅडम, आपकी लाईन कितनी सीधी है. एक भी टेढ़ी नहीं."

"हमारी मॅडम की लाईन कभी टेढ़ी नहीं आती, भैया," तुम्ही म्हणालात. "यही तो तकलीफ है."

मला तेव्हा राग आला होता. घरी येईपर्यंत मी बोलले नाही आणि तुम्ही मुद्दाम माझ्याशी हिंदीत बोलत राहिलात.

शुक्रवारचा संध्याकाळचा तास तुमचा होता. इथे सात वाजलेले, तिकडे सकाळ. त्या तासात मुलांनी वाद घालायचा, पण तुमच्या पद्धतीनं. जुन्या काळी शास्त्रार्थात आधी समोरच्याचा पक्ष मांडायचे, पूर्वपक्ष. तो इतका प्रामाणिकपणे मांडायचा, की समोरचा म्हणाला पाहिजे, "हो, मला हेच म्हणायचं होतं." त्यानं हो म्हटल्याशिवाय आपलं उत्तर द्यायचा हक्क नाही. मुलांना हा खेळ वाटला. पहिले दोन शुक्रवार घरातला कुत्रा पलंगावर झोपावा की नाही, यात गेले.

तिसऱ्या शुक्रवारी तुम्ही विषय दिलात: घरी शिकावं की शाळेत जावं. मी तुम्हाला टेबलाखालून पाय लावला. गौरी पलीकडे भांडी घासत होती, तिला काय वाटेल. तुम्ही पाय बाजूला घेतलात आणि म्हणालात, "ओजस, तुझ्या बहिणीचा पक्ष मांड."

ओजस म्हणाला, "तन्वीला घरी आवडतं."

तन्वी खाली बघत होती.

"तिनं हो म्हटलं का?"

"गप्प आहे. म्हणजे हो."

"गप्प म्हणजे हो नव्हे, बाळा," तुम्ही म्हणालात. "पुन्हा मांड."

त्यानं पुन्हा मांडला. तिला घरी आवडतं, पण शाळेतली बस आवडायची. तन्वी गप्प. तुम्ही घड्याळाकडे बघितलं नाहीत, मी चार वेळा बघितलं. मग ओजस इंग्रजीत, हळू आवाजात म्हणाला, की तिला तिच्या मैत्रिणी हव्या आहेत, शाळेच्या वाद्यवृंदात परत जायचंय, पण तसं म्हटलं तर मला वाटेल माझ्यामुळे तिची शाळा सुटली, म्हणून ती बोलत नाही.

"हो," तन्वी म्हणाली. आणि रडायला लागली. पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला.

आता तन्वी आठवड्यातून दोन दिवस शाळेत जाते, बासरी वाजवते. माझ्या सुंदर तक्त्यात त्यामुळे दोन दिवसांची भगदाडं पडली आणि मी तुमच्यावर धुसफुसले. तुम्हाला धन्यवाद दिले नव्हते. ते आज देते. मी चार वर्षांचा प्रत्येक तास आखला आणि त्या मुलीला काय हवंय हे मला माहीत नव्हतं. तुम्ही तिला फक्त पडद्यावर पाहिलं होतंत.

मुलांनो, तुमच्या वाघमारे आजींची जीभ कशी होती तेही लिहून ठेवते. एकदा शाळेत पालकसभेला एक बाई आल्या. स्टाफरूमच्या दारातून त्यांनी पाटीवरची नावं वाचली, आतल्या बाईंकडे पाहिलं, पुन्हा पाटी वाचली आणि विचारलं, "संस्कृतच्या बाई कुठे बसतात?" वाघमारे बाई म्हणाल्या, "इथेच बसतात. तुम्ही का उभ्या?" त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि त्यांच्या मुलाला व्याकरणातले संधी का येत नाहीत ते वीस मिनिटं समजावलं. त्या गेल्यावर मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला गेले, तर म्हणाल्या, "सोडा हो. पोरगं हुशार आहे."

आता ते भांडण.

आराखडा पुरा झाला होता. तुम्ही माझ्याकडे आलात आणि चहा घेता घेता शेवटची पानं चाळायला लागलात. एका चौकोनावर बोट ठेवलंत.

"हे काय?"

"चौथं वर्ष, शुक्रवार, शेवटचा तास. पाली. तुम्ही म्हणाला होतात ना, म्हणून ठेवलीय."

"त्याच्या खाली बारीक अक्षरात?"

"ऐच्छिक."

तुम्ही हसलात. "शाळेत जेवणानंतर, इथे चौथ्या वर्षी. मला तुमच्या वेळापत्रकात एकदा तरी सकाळी बोलवा की, बाई."

"संस्कृत आहे की सकाळी. रोज."

"ते तुम्हाला हवं होतं. ही मला हवी होती."

मी म्हटलं, आठवड्याला बावीस तास आहेत, त्यातले तन्वीचे दोन दिवस गेले, आणखी एक भाषा कुठे बसवू? तुम्ही प्रत मिटलीत आणि म्हणालात, "आधी माझं म्हणणं मांडा. मी हो म्हणेन, मग हे बावीस तास सांगा."

मला ते पोरकट वाटलं. तरी मांडलं. "तुमचं म्हणणं, की पाली हा तुमच्या समाजाचा वारसा आहे, म्हणून त्याला जागा हवी."

"हे माझं नाही. पुन्हा."

"संस्कृत झाल्यावर पाली सोपी जाते, म्हणून..."

"हे कुठल्याही गाइडमध्ये मिळेल. माझं नाही."

माझा आवाज चढला. "तुमचं म्हणणं आहे, मी भेदभाव केला!"

तुमच्या चेहऱ्यावरचं हसू तेव्हा गेलं. "हे तर मुळीच नाही. हे तुमच्या मनात आहे, कर्णिक बाई. माझ्या तोंडात घालू नका."

"मी तुमची विद्यार्थिनी नाहीये, वाघमारे बाई," मी म्हणाले.

इतक्या वर्षांत आपण खूप भांडलो, पण असं वाक्य मी कधी बोलले नव्हते. तुम्ही चहा संपवलात. कप उचलून स्वतः विसळून ठेवलात, जे तुम्ही माझ्याकडे कधीच करत नव्हतात. तुमची प्रत पिशवीत टाकलीत. मी लिफ्टपर्यंत आले आणि विचारलं, "मग पाठवू ना गौरीला?" तुम्ही लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होतात. काही बोलला नाहीत. दार बंद झालं.

त्याच संध्याकाळी मी फाइल पाठवली आणि वर लिहिलं: "वाघमारे बाईंनी सगळं पाहिलंय. त्यांची हरकत नाही."

हेच ते खोटं वाक्य. तुम्ही गप्प होतात. मी त्याला हो धरलं, कारण मला तेच धरायचं होतं.

त्यानंतरचे दोन शुक्रवार तुम्ही मुलांना तुमच्या घरून शिकवलंत. मला मुलांकडून कळलं. मी फोन केला नाही, तुम्हीही केला नाहीत. रोज सकाळी मी ठरवायचे, आज करू, आणि रोज मला वाटायचं, की आधी त्यांनी करावा, कप त्यांनी विसळला होता. सोळाव्या दिवशी तुमचा नंबर वाजला. मी घाईघाईनं उचलला आणि म्हटलं, "सुटला का राग?" पलीकडे तुमची सून होती, प्रज्ञा. तिनं आधी स्वतःचं नाव सांगितलं. मग म्हणाली, "काकू, आई गेल्या."

पुण्यानुमोदनाला मी गोडदेवच्या विहारात आले होते. पांढरी साडी नेसून, वेळेच्या वीस मिनिटं आधी. तुम्हाला माहीतच आहे. भिंतीला टेकून खुर्चीवर बसले. सभागृह भरलं. मग वंदना सुरू झाली, आणि बाई, तिथे सगळ्यांना ती पाठ होती. माझ्या पुढे रिक्षा चालवणारे खाकी शर्टातले एक गृहस्थ होते, त्यांना पाठ. नऊवारी नेसलेल्या एक म्हाताऱ्या आजी होत्या, डोळे मिटून म्हणत होत्या. आईच्या मांडीवरची सहा-सात वर्षांची मुलगी म्हणत होती, चुकत नव्हती. त्या एवढ्या गर्दीत ओठ मिटून बसलेली मी एकटी होते. ज्या भाषेला मी चौथ्या वर्षातला शेवटचा तास दिला होता, ती तिथे श्वासासारखी चालली होती, आणि मला एक ओळ येत नव्हती.

माझ्या शेजारच्या बाईंनी एक पातळ पुस्तिका माझ्यापुढे धरली आणि ओळीवर बोट ठेवून सरकवत नेलं, आपण पहिलीतल्या मुलांना शिकवतो तसं. मला अधूनमधून शब्द ओळखू यायला लागले. तुम्ही एकदा वहीच्या मागच्या पानावर संस्कृत, पाली, मराठी अशा तीन रकान्यांत मला लिहून दाखवले होते ते: हस्त, हत्थ, हात. अग्नि, अग्गि, आग. सप्त, सत्त, सात. "बघा," तुम्ही म्हणाला होतात, "पहिली पणजी, शेवटची नात. मधलीला मावशी म्हणा हवं तर, सख्खी आई नसेल. पण घरातलीच आहे. तुम्ही पोरांना थेट पणजीचा फोटो दाखवताय." मी तेव्हा हसून पान उलटलं होतं.

निघताना प्रज्ञानं मला थांबवलं. "काकू, हे आईंच्या उशाशी होतं. तुमचंच आहे बहुतेक." आपल्या आराखड्याची तुमची प्रत. मी ती रिक्षात उघडली. शेवटच्या कोऱ्या पानावर तुमचं लाल अक्षर होतं. तुमचे शब्द आहेत तसे उतरवते.

"कर्णिक बाईंचा पक्ष. पोरं लांब आहेत. दोन वर्षांतून एकदा भेटतात. बाईंना वाटतं, तक्त्यात एक चौकोन रिकामा राहिला तर पोरं त्यातून निसटून जातील. तक्ता म्हणजे त्यांचं पोरांना जवळ घेणं आहे. स्वतःचं संस्कृत राहून गेलं, त्याची खंत आहे, म्हणून ते आधी. पालीवर राग नाही. ती त्यांनी कधी ऐकलीच नाही, आणि न ऐकलेल्याला माणूस शेवटची जागा देतो. वाईट हेतू नाही. (शुक्रवारी बाईंना वाचून दाखवणे. हो म्हणाल्या तर उत्तर.)"

त्याखाली तुम्ही "उत्तर" असं लिहून अधोरेखित केलंय. पुढे पान कोरं आहे.

मी रिक्षातच मोठ्यानं म्हटलं, "हो. हेच." शेजारच्या मुलीनं कानातला इअरफोन काढून विचारलं, "आंटी, कुछ बोला क्या?" मी मान हलवली. सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर उतरायचं विसरले आणि एक थांबा पुढे गेले.

म्हणजे बाई, रागात असताना तुम्ही माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडलीत. मला तुमची एकदाही धड मांडता आली नाही. आज प्रयत्न करते. तुम्ही अडवायला नाही, म्हणून सावकाश करते.

वाघमारे बाईंचा पक्ष. या मुलांना पुढे कुणीतरी विचारणार, की तुमच्याकडचं जुनं काय आहे. त्यांच्याकडे फक्त पुढच्या बाकावर बसलेल्यांचं जुनं असेल, तर ती अर्धं उत्तर देतील आणि ते अर्धं आहे हे त्यांना कळणारही नाही. हे मुलांचं नुकसान आहे, वाघमारे बाईंचं नाही. त्यांना ते येतंच. बाईंच्या वडिलांना सही करता येत नव्हती. कालव्याच्या कामावरून आले की ते हातपाय धुवायचे, मुलांना ओळीनं बसवायचे आणि वंदना म्हणून घ्यायचे. कोणी एक अक्षर गाळलं की पुन्हा पहिल्यापासून. घरात पुस्तक यायच्या आधी पाठांतर आलं होतं. क्लासिकल शिक्षणाची पहिली पायरी तो माणूस चढून बसला होता. बाईंना संस्कृत आवडलं ते त्या पायरीवरून. त्यामुळे त्यांच्या मनात या दोन भाषा कधी वेगळ्या बाकांवर बसल्याच नाहीत. ते बाक वेळापत्रक करणाऱ्यांनी मांडले. ऐच्छिक विषय मुलं सोडतात, कारण मोठ्यांनी तो आधीच सोडलेला असतो. म्हणून एक चौकोन मागितला होता. पहिल्या वर्षी, सकाळी, मुलं जागी असताना.

एवढंच असावं. निदान मला आज एवढं दिसतं.

परवा मी गौरीला फोन करून सगळं सांगितलं. स्पीकर चालू होता, ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "बाईंची हरकत नाही असं मी लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. त्या काही बोलल्याच नव्हत्या. गप्प होत्या."

मागून तन्वीचा आवाज आला, अगदी तुमच्या चालीत. "आजी, गप्प म्हणजे हो नव्हे."

गौरी तिला दटावायला गेली. मी म्हटलं, राहू दे. तिला तिच्या बाईंनी शिकवलंय ते ती म्हणतेय.

तक्ता मी पुन्हा आखला. संस्कृत आणि पाली आता एकाच तासाला, शेजारी शेजारी, पहिल्या वर्षापासून, सकाळी. शब्दांच्या तीन रकान्यांची वही मुलांनीच करायची आहे. शिकवणार कोण, हा तुमचाच जुना प्रश्न होता. दर रविवारी विहारात तुम्ही मुलांचा जो वर्ग घ्यायचात, तो आता प्रज्ञा घेते. मी तिला विचारलं, येऊ का? ती म्हणाली, "काकू, खाली सतरंजीवर बसावं लागेल." मी म्हटलं, बसेन. गेल्या रविवारी बसले. दहा वर्षांच्या एका मुलीनं माझा उच्चार तीनदा सुधारला. जे रविवारी शिकेन ते पुढच्या आठवड्यात ओजस आणि तन्वीला सांगेन; त्यांच्यापेक्षा मी एक धडा पुढे असेन, जास्त नाही. तुमच्या जागी हे फार तोकडं आहे. पण रिकाम्या तासाला मला भीती वाटते, हे तुम्ही ओळखलं होतंतच.

हे लिहून झाल्यावर मी तुमच्या खुर्चीकडे तोंड करून मोठ्यानं वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुम्ही मला थांबवल्यासारखं वाटलं, हे माझं नाही. बघितलं तर खरंच दोन वाक्यं होती ज्यांत मी तुम्हाला उगाच थोर केलं होतं. ती खोडली. दुसऱ्यांदा वाचलं, एक विशेषण काढलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा कुठेच थांबावं लागलं नाही. तुम्ही गप्प होतात.

मी तो होकार धरलेला नाही, बाई. मुलांच्या फाइलमध्ये ही पानं वर लावली आहेत आणि शेवटी तुमच्या हातचं ते पान, जिथे तुमचं उत्तर यायचं होतं. "उत्तर" या शब्दाखाली ते कोरंच आहे. मी त्यावर रेघासुद्धा आखलेल्या नाहीत.